टायरचं मैदान: अहवाल अमेरिकेचा, ऊन पिंपळगाव राजाचं

मागच्या उन्हाळ्यात गावाकडून सरांचा फोन आला. पिंपळगाव राजाला मला गणित शिकवणारे सर.

"पोरी, तू त्या टायरच्या रबरावरच पीएचडी करून राह्यली ना? मंग एक सांग. शाळेमागच्या पटांगणात जुन्या टायरायचं खेळायचं सामान लावाव म्हंतो. व्हॉट्सॲपवर लय फोटो येऊन राह्यले. लेकरायसाठी चांगलं हाय का वाईट?"

मी म्हटलं, "सर, आठ दिवस द्या. नीट वाचून सांगते."

"मले कागद नको धाडू. हो का नाई, येवढंच सांगजो."

आठ दिवसांचे तीन आठवडे झाले. माझं काम रबराची भुकटी डांबरात मिसळली की रस्त्याचं काय होतं, यावर आहे. मैदानांवरचं संशोधन मी ऐकून होते, मुळातून वाचलेलं नव्हतं. तरीही दोन वर्षांपूर्वी याच ब्लॉगवर टायरच्या मैदानांचं कौतुक करणारी एक पोस्ट मी लिहिली होती. नेहमीच्या वाचकांना आठवत असेल. 'कचऱ्यातून आनंद' छापाची. परवा ती पुन्हा वाचली आणि कान गरम झाले. तेव्हा आजची पोस्ट म्हणजे थोडं त्या अहवालांचं परीक्षण आणि थोडं स्वतःचं.

पहिली चूक शब्दातच होती. 'टायरचं मैदान' या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू येतात. एक अख्ख्या टायरची: टायर धुवायचे, रंगवायचे, अर्धे जमिनीत रोवायचे, एकावर एक रचायचे, साखळीला टांगून झोका करायचा. भारतात हे काम ठळकपणे केलं ते बंगळुरूच्या अँटहिल क्रिएशन्स या संस्थेने. आयआयटी खरगपूरला वास्तुकला शिकलेल्या पूजा राय यांनी ती सुरू केली आणि आज देशभरातल्या शेकडो शाळांत त्यांची मैदानं आहेत. सरांच्या व्हॉट्सॲपवर येणारे फोटो याच धर्तीचे. दुसरी वस्तू भुकटीची: टायर दळायचा, चुंबकाने लोखंडी तारा वेगळ्या काढायच्या आणि उरलेले काळे दाणे वापरायचे. हे दाणे कृत्रिम गवताच्या टर्फमध्ये सुटे पसरतात, किंवा पॉलियुरेथेनच्या डिंकात बांधून त्यांच्या लाल-निळ्या फरशा करतात. शहरातल्या सोसायट्यांच्या बागेत घसरगुंडीखाली असतात त्या.

आता गंमत बघा. आरोग्याबद्दलचं जवळजवळ सगळं मोठं संशोधन दुसऱ्या वस्तूवर झालंय, आणि आपल्याकडचे सगळे फोटो पहिल्या वस्तूचे आहेत. मी त्या पोस्टमध्ये भुकटीच्या संशोधनातला 'धोका कमी' हा निष्कर्ष उचलला आणि अख्ख्या टायरच्या झोक्याला चिकटवला. कोणी टोकलं नाही, कारण वाक्य छान होतं.

तर तो अहवाल. अमेरिकेत २०१४ च्या सुमारास फुटबॉलच्या एका प्रशिक्षिकेने टर्फवर खेळलेल्या आणि पुढे कर्करोग झालेल्या खेळाडूंची यादी करायला घेतली. त्यात गोलकीपर जास्त होते. गोलकीपर सारखा जमिनीवर लोळतो, दाणे तोंडात जातात. बातमी गाजली. वॉशिंग्टन राज्याच्या आरोग्य विभागाने ती यादी तपासली आणि खेळाडूंत कर्करोगाचं प्रमाण नेहमीपेक्षा जास्त दिसत नाही, असं २०१७ मध्ये जाहीर केलं. तोवर फेब्रुवारी २०१६ मध्ये अमेरिकेच्या तीन सरकारी यंत्रणांनी मिळून मोठा अभ्यास हाती घेतला होता. त्याचा पहिला भाग जुलै २०१९ ला आला, दुसरा एप्रिल २०२४ ला. भुकटी करणारे ९ कारखाने आणि ४० मैदानं यांतून नमुने घेतले. दाण्यांत काय काय आहे ते मोजलं, आणि मग महत्त्वाची गोष्ट केली: कृत्रिम लाळ, कृत्रिम घाम आणि कृत्रिम जठररस यांत दाणे ठेवून त्यातलं किती बाहेर सुटतं ते पाहिलं. धातूंचं प्रमाण जठररसात सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास निघालं, लाळेत आणि घामात एक टक्क्याहून कमी.

'आहे' आणि 'अंगात जातं' यांतला हा फरक कळायला हवा. रसायन टायरमध्ये आहेच. जस्ताचं ऑक्साइड तर रबर पक्कं करायला मुद्दाम घालतात. पण ते रबराच्या जाळ्यात अडकलेलं असतं. म्हणून 'टायरमध्ये अमुक विष सापडलं' अशी बातमी वाचून घाबरण्यात अर्थ नाही. नेदरलँड्सच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेनेही १०० मैदानं तपासून डिसेंबर २०१६ मध्ये साधारण हेच सांगितलं होतं: खेळायला हरकत नाही.

इथवर अहवाल चांगलाच आहे. शास्त्रज्ञांनी ताणून दावे केलेले नाहीत. दुसऱ्या भागात तर स्पष्ट म्हटलंय की हे धोक्याचं अंतिम मूल्यमापन नव्हे. माझी तक्रार वेगळी आहे. हा अहवाल ज्या प्रश्नाचं उत्तर देतो, तो प्रश्न पिंपळगाव राजाचा नाही.

त्यातली मोजमापं टर्फच्या मैदानांची आहेत, जिथे खेळाडू बूट-मोजे घालून तास-दोन तास खेळतात. लहान मुलांच्या बागांचा भाग त्या तीनपैकी ग्राहक सुरक्षेच्या यंत्रणेकडे वेगळा होता. आपल्याकडे अंगणवाडीतलं तीन वर्षांचं पोर अनवाणी असतं, खाली बसतं आणि हाताला लागेल ते तोंडात घालतं.

दुसरं, टायर कुठला? रबर मऊ राहावं म्हणून त्यात तेल घालतात. जुन्या पद्धतीच्या तेलात पीएएच हा संयुगांचा गट भरपूर असे, आणि त्यातली काही संयुगं कर्करोगकारक आहेत. युरोपने १ जानेवारी २०१० पासून टायरमध्ये असं तेल वापरायला बंदी घातली. म्हणजे २०१६ साली डच मैदानात पडलेल्या दाण्यांत निदान काही माल नव्या तेलाचा होता. खामगावच्या भंगारात आलेला ट्रकचा टायर कोणत्या तेलाचा, कोणत्या साली बनलेला, कितीदा रिमोल्ड झालेला? डच निकाल त्याला आपोआप लागू होत नाही. हा साधा तर्क माझ्या जुन्या पोस्टमध्ये नव्हता.

युरोपच्या नियमांतच एक विसंगती आहे, ती मला फार बोलकी वाटते. १० ऑगस्ट २०२२ पासून मैदानावर पसरायच्या दाण्यांत आठ पीएएच मिळून किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर चालत नाहीत. पण तेच रबर खेळण्यात वापरायचं असेल, तर मर्यादा आहे प्रत्येक पीएएचमागे ०.५ मिलिग्रॅम. पोराच्या हातातला रबरी हत्ती आणि त्याच पोराच्या पायाखालचे रबरी दाणे यांत कायदा एवढा फरक करतो. फरकाला कारण आहे, दाणे कोणी दिवसभर चघळत बसत नाही. पण टायरचा झोका, टायरचा घोडा हे काय आहे? मैदान की खेळणं? मला विचाराल तर खेळणं. आणि खेळणं म्हणून त्याची तपासणी झालेली माझ्या वाचनात आली नाही.

आता उन्हाकडे येते, कारण मुळात सरांना 'नाही' म्हणावं असं वाटलं ते इथे.

अमेरिकन अभ्यासात दाणे २५ आणि ६० अंश सेल्सिअसला बंद पेटीत ठेवून त्यातून निघणारे वायू मोजले. ६० अंशाला काही वायूंचं प्रमाण चांगलंच वाढलं. ६० हा आकडा वाचताना वाटतं, एवढं कुठे तापतं? तापतं. यूटा राज्यातल्या ब्रिघम यंग विद्यापीठात २००२ साली टर्फच्या पृष्ठभागाचं तापमान मोजलं होतं. हवा ३७ अंशांच्या आसपास असताना टर्फ ९३ अंशांवर गेलं होतं. पाणी मारल्यावर उतरलं, पण पाच मिनिटांत पुन्हा ५० च्या जवळ पोचलं. ३७ म्हणजे आपल्याकडची मार्चमधली दुपार.

पेपरात 'बुलढाणा' म्हणून जे तापमान छापून येतं ते घाटावरच्या शहराचं. पिंपळगाव, खामगाव, नांदुरा हे सगळं घाटाखाली. इथलं ऊन वेगळं, ते घाटाखालच्या माणसाला सांगावं लागत नाही. काळी माती तापते तशीच काळी रबरी जमीनही तापते, पण मातीत थोडी ओल असते, तिचं बाष्प होताना उष्णता जाते. रबरात ओल नाही. वर पडलेलं ऊन ते शोषतं आणि खाली जाऊ देत नाही, म्हणून वरचा पातळ थर भाजून निघतो. सावली आली की तोच थर लवकर निवतोही, हे रबराच्या बाजूने सांगायला हवं. पण सावली यायला तर हवी! "मे महिन्यात शाळाच नसते" हे उत्तर मला मिळालं आहे. विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बरोबर. पण गावातलं मैदान सुट्टीतच तर जास्त वापरलं जातं, आणि मार्च-एप्रिलच्या सकाळच्या शाळेत पोरं सुटतात तेव्हा ऊन डोक्यावर असतं.

मग रबर नकोच का? इथे मी जरा अडखळले, कारण रबराचा एक गुण खरा आहे: पडल्यावर लागत नाही. अमेरिकेच्या सरकारी पुस्तिकेत तक्ता आहे. सहा इंच सुट्या रबरी दाण्यांचा थर दहा फुटांवरून पडणाऱ्या मुलाचं डोकं वाचवतो. वाळूचा नऊ इंच थर चार फुटांपर्यंतच पुरतो. रबर सरळ जिंकलं. आणि आपल्याकडे घसरगुंडीच्या पायाशी काय असतं? सिमेंट, नाहीतर पेव्हर ब्लॉक. खेळाचं सामान मिळतं, त्याचं उद्घाटनही होतं, पण पोर पडेल त्या जागेचा विचार कोणी करत नाही.

पण हे तक्ते डोक्याच्या इजेवर बेतलेले असतात. पोरांचं डोकं क्वचित फुटतं, हात मात्र सर्रास मोडतो. कॅनडातल्या टोरंटो शहराच्या शाळांत यावर एक देखणा प्रयोग झाला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा पद्धतीने काही शाळांच्या मैदानात ग्रॅनाइटची वाळू टाकली, काहींत लाकडाचा भुसा. मग किती पोरांचे हात मोडले ते मोजलं. भुशावर पडून हात मोडण्याचं प्रमाण वाळूच्या ४.९ पट निघालं. आणि पुस्तिकेच्या तक्त्यात लाकडाचा भुसा वाळूच्या वर आहे! कारण साधं असावं: वाळूत टेकलेला हात सरकतो, भुशात रुततो आणि सगळं वजन मनगटावर येतं. रबर त्या प्रयोगात नव्हतं, म्हणून रबराबद्दल मी त्यावरून काही ठोकून सांगत नाही. पण प्रयोगशाळेतल्या तक्त्यात पहिला आलेला मैदानात पहिला येतोच असं नाही, एवढं त्यातून कळतं. टोकियोच्या ओता भागात एक जुनं टायरचं उद्यान आहे, तीन हजारांहून जास्त टायर, त्यांचाच उभा केलेला भलामोठा डायनासोर. त्याच्या खाली जमीन आहे ती वाळूची.

वाळू म्हटलं की आपल्या जिल्ह्यात हसू येईल. पूर्णेच्या वाळूवरून काय काय चालतं ते रोज पेपरात असतं. पण एका कोपऱ्यापुरती दोन ट्रॉली रीतसर वाळू ही अशक्य गोष्ट नाही. ती दर आठवड्याला दाताळ्याने ओढावी लागते, कुत्र्या-मांजरांपासून राखावी लागते. हे काम कोणाचं, हा प्रश्न रबरी फरशी घेताना टळतो, म्हणूनही फरशी आवडते.

अख्ख्या टायरबद्दल मला सगळ्यात जास्त शहाणपण मिळालं ते संशोधनपत्रिकेत नाही, मामाकडे. मामाचं हायवेला पंक्चरचं दुकान आहे. त्याला फोटो दाखवले तर पहिला प्रश्न: "हे रेडियल हायेत का नायलॉन?" माझ्या तोंडाकडे बघून त्यानेच सांगितलं. रेडियलच्या पट्ट्यात पोलादी तारा असतात; तो कापला की तारा बाहेर येतात, रंगाखाली दिसत नाहीत आणि वर्षभरात गंजून टोचतात. नायलॉनचा ट्रॉलीचा जुना टायर घ्यावा, त्यात तार फक्त कडेच्या रिंगणात असते. "आन कापूच नये. कापला का गेला."

दुसरी गोष्ट पाण्याची. टायरच्या पोटात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा एडिस डास तिथे अंडी घालतो. ही अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहूनही जिवंत असतात. १९८५ मध्ये एडिसची एक जात अमेरिकेत टेक्सासला पसरलेली आढळली, ती जुन्या टायरांच्या जहाजी व्यापारातूनच तिथे पोचली असं मानलं जातं. उन्हाळ्यात टायर कोरडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. पंक्चरवाल्याकडून प्रत्येक टायरच्या खालच्या बाजूला बोटभर रुंदीची भोकं पाडून घ्यायची, रोवलेल्या टायरचं पोट मातीने ठासून भरायचं. मी वाचलेल्या कौतुकाच्या बातम्यांत किती टायर वापरले, किती मुलं खेळतात, हे आकडे असतात. पाच वर्षांनी त्या टायरांचं काय झालं, भोकं बुजली का, तारा निघाल्या का, हे विचारायला कोणी परत गेल्याची बातमी मला दिसली नाही. माझ्या पोस्टमध्येही नव्हती.

राहिला कचऱ्याचा मुद्दा, ज्यावर माझी जुनी पोस्ट उभी होती. 'टायर कुठेतरी पडून राहतो, तो मैदानात आणला' हे आता अर्धसत्य आहे. २१ जुलै २०२२ ला केंद्राने नियम केले. टायर बनवणाऱ्या कंपन्यांना जुन्या टायरांच्या पुनर्वापराची जबाबदारी घ्यावी लागते. जुन्या टायरला भाव आहे, गिऱ्हाईक आहे. त्यातलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे टायर हवेशिवाय तापवून तेल काढणारे कारखाने. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याला जानेवारी २०२५ मध्ये अशाच एका कारखान्यात स्फोट झाला, त्यात दोन बायका आणि दोन लहान मुलं गेली. रिसायकलिंग हा शब्द मी दोन वर्षांपूर्वी ज्या गोडीने लिहिला होता, त्या गोडीने आता लिहवत नाही. मैदानात रोवलेले वीस टायर हे टायरच्या प्रश्नाचं उत्तर नाही, तसा दावाही करू नये. ते वीस टायर पोरांना खेळायला म्हणून आणायचे असतील तर आणावेत.

आणि पोरांना टायर आवडतोच. काठीने टायर पळवत आमच्या अख्ख्या गल्लीने सुट्ट्या काढल्या आहेत. त्याच्यावर कोणी अहवाल लिहिला नाही.

शेवटी सरांना फोन केला. म्हटलं, सर, भुकटीची रबरी फरशी उघड्या उन्हात नको, कोणी फुकट दिली तरी नको. टर्फ तर नकोच. अख्खे टायर चालतील, नायलॉनचे, न कापलेले, भोकं पाडलेले, आणि जिथे दुपारी कडुनिंबाची सावली पडते तिथेच. चार फुटांच्या वर काही रचायचं नाही आणि खाली वाळू. अंगणवाडीच्या पोरांना ते चघळायला मिळू नयेत, म्हणून त्यांचा कोपरा वेगळा, टायरविना. दरवर्षी मृगाच्या आधी एकदा सगळे टायर हाताने चाचपून बघायचे. तार लागली की तो टायर काढायचा आणि भंगारवाल्याला द्यायचा. म्हणून आत सिमेंट भरायचं नाही, सिमेंट भरलेला टायर कोणी घेत नाही.

सर बराच वेळ गप्प होते.

"हो का नाई इचारलं होतं पोरी. तू तं सातबारा वाचून दाखवला."

मी म्हटलं, "सर, चुकलं का काही?"

"चुकलं नाई. पन त्या पटांगणात निंब एकच हाय, तोई कुंपनाजवळ." मग थोडं थांबून म्हणाले, "तुह्या मामाचा नंबर दे. आन यंदा पाऊस पडला का आधी झाडंच लावतो."